ती दोन वर्षं लपवू नका

भाऊ,

घाटंजी तालुक्यातून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा 2022 मध्ये बीएस्सी झाला, त्याच वर्षी तुमच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि पुढची दोन वर्षं पाच एकर कपाशी त्यानं एकट्यानं सांभाळली. आता तो नोकरी शोधतोय. नेट कॅफेवाला म्हणतो, बायोडाटात ही दोन वर्षं रिकामी दिसतात, तिथं नागपूरच्या एखाद्या कंपनीचं नाव टाकून देऊ. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "माह्या दुखन्यापाई पोराचे दोन वर्स वाया गेले, आता त्याले कोन पुसते?" ते वाचून मी बराच वेळ थांबलो.

आधी त्या कंपनीचं. ते नाव अजिबात टाकू देऊ नका. वीस किंवा जास्त माणसं असतील तिथं पीएफ लागू होतो, आणि पीएफ कापला जाणाऱ्या प्रत्येकाचा एक यूएएन नंबर असतो. माणूस कुठं, कधीपासून कधीपर्यंत होता हे त्या नंबरावर दिसतं. रुजू करून घेताना कंपन्या तो मागतात. दोन वर्षं नागपुरात नोकरी केली म्हणणाऱ्याकडे नंबरच नसेल, तर पुढचं बोलणंच संपलं. मुलाखतीत "तिथं रोजचं काम काय होतं?" एवढं विचारलं तरी पोरगा अडकेल.

शेतीची वर्षं दिसली की अर्ज बाजूला टाकतात, हा समज गावोगावी ऐकतो. पण खरं तर खटकते ती कारण न देता सोडलेली जागा. म्हणून सरळ लिहा: "2022 ते 2024, वडिलांच्या आजारपणामुळे घरची पाच एकर शेती सांभाळली." आणि खाली काय केलं ते. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, की गल्लीतल्या लोकांची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात कोणतं पीक आहे याची सरकारी नोंद, तोच मोबाइलवर भरून देतो, आणि गारपीट झाली तेव्हा पीक विम्याची तक्रारही त्यानंच केली. भाऊ, हे काम आहे! पाहणीसाठी प्रत्यक्ष शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, आणि विम्यासाठी तेव्हा नुकसान 72 तासांच्या आत कळवावं लागायचं. बियाण्याच्या, ठिबकच्या कंपन्यांना, गावोगावी कर्ज देणाऱ्या संस्थांना शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारा आणि नोंद चोख ठेवणारा माणूस लागतो. किती जणांची पाहणी भरली, तो खरा आकडा लिहायला सांगा.

बायोडाटाच्या सुरुवातीला कॅफेवाल्यानं छापलेलं ते जड इंग्रजी 'ध्येय' काढून टाका. त्याचा अर्थ मुलालाच सांगता येत नाही असं तुम्हीच लिहिलंय. साधं, त्याला बोलता येईल तेवढंच इंग्रजी पुरे. जात, धर्म, आधार नंबर खासगी नोकरीच्या बायोडाटात नको. सरकारी भरतीचं वेगळं, तिथं फॉर्म जे विचारेल ते भरायचंच. तुम्ही बायोडाटा साठ ठिकाणी पाठवलाय, आणि आधार नंबर असा अनोळखी साठ जणांच्या हाती देणं मला तर धोक्याचंच वाटतं. कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटोही पाठवू नका. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक चाळतो, आणि फोटोतली अक्षरं त्याला नीट वाचता येतीलच असं नाही. टाइप केलेली एक पानाची पीडीएफ करा, फाइलला मुलाचं नाव द्या.

साठ ठिकाणी एकच बायोडाटा पाठवला, हेही थांबवा. दहाच ठिकाणी पाठवा, पण जाहिरात वाचून, त्या कामाला लागणारी गोष्ट वर घेऊन. आणि नोकरीसाठी 'रजिस्ट्रेशन'चे दीड हजार मागणाऱ्या ज्या माणसाबद्दल तुम्ही लिहिलंय, त्याला एक रुपयाही देऊ नका. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही.

एक काम मात्र तुमचंच आहे. रविवारी मुलाला वही घेऊन शेजारी बसवा आणि या दोन वर्षांत त्यानं काय काय केलं ते तुम्ही सांगा, त्याला लिहू द्या. फवारणीचा हिशेब कुणी ठेवला, मजूर कुणी आणले, कापूस कुठं आणि काय भावानं विकायचा हे कुणी ठरवलं. तो स्वतःहून यातलं काही सांगणार नाही, त्याला ते घरचंच काम वाटतं. तुम्ही खाटेवरून सगळं पाहिलंय.