नानांना विचारा: हिरवा दिवा सात वेळा लुकलुकतो

प्रश्न: नाना, सावद्याजवळ आमची केळीची बाग आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डावर चालवतो, बोर्ड मोटारीच्या खोलीत आहे. परवा रात्री अपडेट लावलं आणि मधेच लाईट गेली. आता लाल दिवा लागतो, हिरवा सात वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा सात. दुकानदार म्हणतो बोर्ड गेला, नवा घ्या. कार्डात मागच्या हंगामाच्या सगळ्या नोंदी आहेत हो!

उत्तर: भाऊ, बोर्ड घेऊ नका. मेलेला बोर्ड सात मोजत नाही. सात म्हणजे त्याने कार्ड वाचलं, पण पुढे कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, फाइल सापडली नाही. चार असते तर त्याच्या आधीचीच, 'स्टार्ट' नावाची फाइल गायब. आठ असते तर रॅमवर संशय, आणि मग मीही दुकानदाराच्या बाजूने बोललो असतो.

कार्ड काढा आणि आधी त्याची अख्खी प्रत संगणकावर घ्या. दुरुस्ती त्यानंतर. कार्ड विंडोजमध्ये घातलं की एक भाग उघडेल आणि दुसऱ्यासाठी 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं जाईल. 'नाही' म्हणा. तो दुसरा भाग लिनक्सचा आहे, विंडोजला वाचता येत नाही एवढंच. तुमच्या नोंदी तिथेच आहेत. हंगामाच्या हंगाम या एका 'हो'ने गेलेले मी पाहिले आहेत.

आता दुसरं कार्ड घ्या, त्यावर ताजी सिस्टिम लिहा, त्यावरून बोर्ड चालू करा आणि जुनं कार्ड यूएसबी रीडरने जोडा. जुन्या कार्डाचे दोन्ही भाग अनमाउंट करून (सिस्टिमपासून सोडवून) त्यांच्यावर 'एफएससीके' (fsck) ही तपासणी-दुरुस्तीची आज्ञा चालवा. मग उघडून पाहा. तुमची सिस्टिम २०२३ ची 'बुकवर्म' नावाची आवृत्ती असेल, तर कर्नलची मूळ प्रत लिनक्सच्या भागात 'बूट' फोल्डरमध्ये असते. नाव 'व्हीएमलिनझ'ने सुरू होतं आणि 'व्ही८'वर संपतं. ('२७१२'वर संपणारी पाय ५ ची, तिला हात लावू नका.) सर्वांत नवी अर्धवट उतरलेली असू शकते, म्हणून तिच्या आधीची निवडा. त्याच आकड्याचं फोल्डर 'लिब/मॉड्यूल्स'मध्ये (तिथे कर्नलचे ड्रायव्हर असतात) भरलेलं आहे ना, तेही बघा. दोन्ही जुळले नाहीत तर बोर्ड उठेल, पण वायफाय उठेलच असं नाही.

ती फाइल छोट्या, विंडोजला दिसणाऱ्या भागात 'कर्नल८.आयएमजी' या नावाने ठेवा. 'बूट'मधलीच, त्याच आकड्याची 'इनिटआरडी' ही सुरुवातीला लागणारी फाइल 'इनिटरॅमएफएस८' म्हणून ठेवा. जुनं कार्ड पुन्हा बोर्डात घाला. बोर्ड उठला की 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' (sudo dpkg --configure -a) ही आज्ञा द्या. अर्धवट राहिलेलं काम तो स्वतः पुरं करतो. मगच पुन्हा अपडेट.

आणि रात्रपाळीच्या लाईटवर अपडेट लावायचं असेल, तर बोर्डाला छोटा यूपीएस द्या. मोबाइलचा चार्जर लावला असेल तर तोही बदला. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो तक्रार नोंदवतो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' (vcgencmd get_throttled) ही आज्ञा द्या. उत्तरात शून्याशिवाय काही आलं, तर लाईटकडे बोट दाखवण्याआधी चार्जर आणि केबल तपासा.

प्रश्न: चोपड्याहून विचारतो. जुन्या सिस्टिमवरून बुकवर्मवर आलो. 'बूट' फोल्डरमधल्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये कितीही बदल केले, तरी बोर्ड ऐकत नाही.

उत्तर: ती फाइल आता 'बूट/फर्मवेअर'मध्ये गेली आहे. जुन्या जागी 'मी हलले' एवढीच सूचना राहिली आहे आणि तुम्ही त्या सूचनेतच बदल करताय. जागेवरच श्रेणीवाढ केली असेल तर रास्पबेरीवालेही ती सुचवत नाहीत. नोंदी बाहेर काढा आणि कार्ड नव्याने लिहा.