ठाण्यात सगळा काळा कातळच, मग भूशास्त्राचे प्राध्यापक जुनं पर्यावरण शोधतात कशात?

दोन लाव्हांच्या मधल्या फटीत! मी ठाण्यात हाच विषय शिकवते. आपला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला हा काळा कातळ, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, पण तो एका दमात ओतला गेला नाही. एक थर निवला, त्यावर ऊन-पाऊस झाला, माती बनली, आणि मग पुढचा लाव्हा आला. घाटात काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टा दिसतो ना, ती बहुतेक वेळा त्या काळची जमीनच. वर्गात मी त्याचा खडा मुलांच्या हातात देते. ओला केला की बोटं तांबडी होतात. हे लोखंड गंजल्यामुळे, म्हणजे तिथे हवा आणि पाणी दोन्ही होतं.

वरळीचं उदाहरण तर मला फार आवडतं. तिथल्या लाव्हांमधल्या गाळात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. इंग्लिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. बेडूक म्हणजे गोडं पाणी. समुद्राकाठच्या आजच्या वरळीत तेव्हा तळं होतं!

अलीकडचा काळ हवा असेल तर ठाणे खाडीचा चिखल बघा. त्यातले खारफुटीचे परागकण आणि सूक्ष्म शंखधारी जीव मोजले की खारेपणा कसा बदलत गेला ते कळतं.