तौलनिक निबंधाची सुरुवात: ‘साहित्य हा समाजाचा आरसा’ आधी खोडा

फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ आणि टॉलस्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’ या कादंबऱ्यांवर दोन हजार शब्दांचा तौलनिक निबंध लिहायचाय, साहित्य व विवाहसंस्थेवर दीड पान झालंय आणि प्रस्तावना संपतच नाहीये, असं तुम्ही म्हणता. संपणार कशी? अजून सुरूच झालेली नाही. ते दीड पान कुठल्याही दोन कादंबऱ्यांना चालेल, म्हणजे या दोघींसाठी ते बिनकामाचं आहे.

तुमचं विधान आहे, ‘दोन्ही कादंबऱ्यांत विवाहित स्त्रीची घुसमट दिसते, पण लेखकांची शैली वेगळी आहे.’ यावर वाद घालायला कोणी येणार नाही, आणि गोम तिथेच आहे. दोन्हींत विवाहबाह्य प्रेम आहे, एमा आणि ॲना या दोघी नायिका आत्महत्या करतात, हे साम्य तर सगळ्यांना दिसतं. त्यामुळे दोन पुस्तकं शेजारी ठेवायची सोय होते, एवढंच. निबंध उभा राहतो तो या साम्याच्या पोटात सापडलेल्या फरकावर. तो फरक जितका नेमका, तितकी प्रस्तावना आखूड.

मी असतो तर काहीसं असं लिहिलं असतं:

‘एमा विष घेते, ॲना रेल्वेखाली जीव देते, पण दोन्ही कादंबऱ्या तिथे थांबत नाहीत. फ्लोबेर (१८५७) एमानंतर तिच्या नवऱ्याचा ऱ्हास दाखवतो आणि शेवटचं वाक्य देतो औषधविक्रेत्या ओमेला मिळालेल्या सन्मानपदकाला. टॉलस्टॉय ॲनानंतर अख्खा आठवा भाग लिहितो आणि त्याच्या मध्यभागी असतो जगण्याचा अर्थ शोधणारा लेविन. नायिकेमागे उरलेल्या या पानांवरून मी असं दाखवणार आहे, की फ्लोबेरच्या जगाला तिच्या जाण्याने काडीचा फरक पडत नाही, तर टॉलस्टॉय तिचा न सुटलेला प्रश्न दुसऱ्याच्या हाती सोपवतो.’

पटलं नाही तर उत्तम, भांडता येईल असंच ते आहे. यात लेखकांचा जन्म, बालपण काहीच नाही. फ्लोबेरवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो निर्दोष सुटला, ही गोष्ट सांगायला मजा येते; पण वरच्या मुद्द्याला ती लागत नाही, म्हणून गाळली. उलट, आठवा भाग ज्या मासिकात कादंबरी क्रमशः येत होती त्याच्या संपादकाने छापायला नकार दिला आणि टॉलस्टॉयने तो १८७७ मध्ये स्वतंत्र छापला, ही माहिती मुद्द्याच्या अगदी जवळची आहे. तरी तिची जागा आतल्या परिच्छेदात.

शेवटाचा धागा नको असेल तर आरंभ पाहा. पहिली कादंबरी एमाच्या नवऱ्यापासून, शाळेतल्या शार्लपासून सुरू होते, दुसरी ॲनाच्या भावाच्या, ऑब्लोन्स्कीच्या विस्कटलेल्या घरापासून. दोन्हीकडे नायिका उशिरा येते. यावरही चांगला निबंध होईल.

तुलना कुठल्या नात्याने करताय, हेही एका वाक्यात सांगून टाका. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव दाखवायचा असेल तर पुरावा लागतो: पत्रं, नोंदी, वाचल्याचा दाखला. नुसतं ‘साम्य आहे, म्हणजे वाचलं असणार’ हे चालत नाही. तुमच्याकडे तसं काही नसेल तर समांतर वाचन करतोय म्हणा, त्यात कमीपणा नाही. आणि अनुवादातून वाचत असाल तर कोणता अनुवाद ते नोंदवा आणि एखाद्या शब्दाच्या छटेवर अख्खा युक्तिवाद उभारू नका. तो शब्द कदाचित अनुवादकाचा असेल.

क्रमाचं म्हणाल, तर प्रस्तावना आत्ता सोडून द्या. मधले परिच्छेद आधी लिहा. पण एक परिच्छेद एमाचा, एक ॲनाचा अशी वाटणी करू नका, नाहीतर दोन वेगळे निबंध मधोमध शिवल्यासारखे दिसतात. कच्चा मसुदा झाला की त्याचा शेवटचा परिच्छेद वाचा. आपल्याला नक्की काय म्हणायचंय ते बहुतेक वेळा तिथे पोचल्यावर कळलेलं असतं. तेच वाक्य उचलून वर आणा आणि त्याच्या आधीचं ते दीड पान काढून टाका.