‘यंग केमिस्ट अवॉर्ड’साठी पैसे भरावेत का?

भरू नका.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: मुलगी सांगलीत बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गेल्या सत्रात तिनं एका परिषदेत पोस्टर लावलं, आणि आता ‘इंटरनॅशनल यंग केमिस्ट अवॉर्ड’साठी निवड झाल्याचा मेल आलाय. साडेसहा हजार नोंदणी शुल्क भरलं की ट्रॉफी आणि सर्टिफिकेट. मामांनी पेढेसुद्धा आणले, पण तुमच्या मनात पाल चुकचुकली. बरं झालं चुकचुकली. मी साताऱ्यात केमिस्ट्री शिकवतो. असले मेल आमच्याकडे रतीब घातल्यासारखे येतात.

तो मेल पुन्हा एकदा सावकाश वाचा. सुरुवात बहुतेक ‘रिस्पेक्टेड डॉक्टर’ अशी असेल. बी.एस्सी.च्या मुलीला डॉक्टर म्हणणाऱ्यानं तिचं पोस्टर वाचलेलं नाही. परिषदेच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्ट बुकातून, म्हणजे सारांशांच्या पुस्तिकेतून, पत्ते उचलायचे आणि सगळ्यांना एकच मजकूर पाठवायचा, अशी ही पद्धत. निवड समितीत कोण होतं, गेल्या वर्षी कोणाला मिळाला, कुठल्या कामासाठी मिळाला, यातलं काही त्यात सापडणार नाही. शेवटची तारीख मात्र ठळक असेल, आणि ती उद्याची नाहीतर परवाची असेल. खाली क्यूआर कोड. ट्रॉफी कुरियरनं हवी तर वरचे पैसे वेगळे.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. परिषदेला नोंदणी शुल्क असतं, ते सगळेच भरतात, त्यात गैर काही नाही. पण ज्याचा सत्कार करायचा त्याच्याच खिशातून ट्रॉफीचे पैसे घेणारी संस्था पुरस्कार देत नाही, विकते. आणि गिऱ्हाईक आहे म्हणून विकते. शिक्षकांच्या पदोन्नतीच्या तक्त्यात पुरस्काराला गुण असतात, कॉलेजच्या नॅक (मूल्यांकन) अहवालात त्याचा रकाना असतो, आणि आमच्या साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला की पुढचं कोणी विचारत नाही. त्या फ्लेक्सवर चेहरे पंधरा-वीस असतात, सत्कारमूर्तीनं नेमकं काय शोधलं हे लिहायला जागा उरलेली नसते. मुलांपेक्षा याला आम्ही मास्तर मंडळी जास्त जबाबदार, असं माझं मत आहे.

आता खरा पुरस्कार कसा असतो ते बघा. योगायोग म्हणा की चलाखी, तुम्हाला आलेलं नाव एका अस्सल पुरस्काराच्या नावाशी बरंच जुळतं: आययूपॅक-सॉल्व्हे इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग केमिस्ट्स. आययूपॅक म्हणजे मूलद्रव्यांच्या नावांवर शिक्कामोर्तब करणारी आणि संयुगांच्या नामकरणाचे नियम ठरवणारी जागतिक संस्था. ‘पुढील संयुगांची आययूपॅक नावे लिहा’ या प्रश्नानं तुमच्या मुलीला अकरावीपासून छळलंय, तीच ती. स्थापना १९१९ची. (त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू झालं आणि त्याच वर्षी कर्मवीरांनी कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. संबंध काही नाही, पण मला हे दर वर्षी वर्गात सांगायला आवडतं.)

हा पुरस्कार पीएच.डी.च्या प्रबंधाला मिळतो. अर्ज उमेदवारानं स्वतः करायचा, सोबत गाइडचं पत्र, आणि आपल्या प्रबंधाबद्दल हजार शब्दांचा इंग्रजी निबंध. निवड झाली तर १००० डॉलर मिळतात आणि आययूपॅकच्या जागतिक परिषदेला जाण्यायेण्याचा खर्चही मिळतो. पैसा कोणाकडून कोणाकडे जातो ते इथं लक्षात घ्या.

खरी गंमत त्या निबंधात आहे. चार-पाच वर्षांचं काम हजार शब्दांत, म्हणजे साधारण माझ्या या उत्तराएवढ्या जागेत सांगायचं. वाचणारे केमिस्टच, पण प्रत्येक जण तुमच्या शाखेतला असेलच असं नाही. तिथं यंत्रांतून काढलेले पन्नास स्पेक्ट्रा, म्हणजे आलेख, जोडून भागत नाही. प्रश्न काय होता, तो आधी का सुटला नव्हता, मी काय वेगळं केलं आणि त्यातून काय हाती लागलं, एवढंच उरतं. ज्याला प्रश्नच सापडलेला नसतो त्याचा निबंध दुसऱ्या परिच्छेदात अडकतो.

आपल्याकडचं मोठं नाव म्हणजे शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार. भटनागर स्वतः रसायनशास्त्रज्ञ, सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे पहिले प्रमुख. पुरस्कार १९५७ साली सुरू झाला. वयाची अट ४५ वर्षांच्या आत. आपल्याकडे पंचेचाळिशीत माणूस लेकीसाठी स्थळं बघायला लागतो, विज्ञानात तो अजून ‘तरुण’ असतो! तेव्हा विशी-एकविशीत पुरस्कार नाही म्हणून कुणी खट्टू व्हायचं कारण नाही. आता राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत याचं नाव ‘विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर’ असं आहे; पहिल्या तुकडीला ते राष्ट्रपतींच्या हस्ते ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाले. जुन्या भटनागर पुरस्काराबरोबर पाच लाख रुपये असत, नव्यात पदक आणि प्रशस्तिपत्र. भटनागर मिळवणारी पहिली स्त्री रसायनशास्त्रातलीच होती: कोलकात्याच्या असीमा चटर्जी, १९६१ साली. वनस्पतींमधली अल्कलॉइड्स (नायट्रोजन असलेली नैसर्गिक संयुगं) वेगळी काढणं, त्यांची रचना शोधणं हे त्यांचं काम. मुलीला त्यांच्याबद्दल जरूर वाचायला सांगा.

वनस्पतींवरून आठवलं. सांगलीत राहून केमिस्ट्री शिकणाऱ्या मुलीला विषय शोधत लांब जायला नको, हळदीची पेठ दारात आहे. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीनं हळद घेतली. मी आधीच बजावलं होतं की ‘हळदीची अँटिऑक्सिडंट क्षमता’ वगैरे नको, परीक्षकांना ते पाठ झालंय. शिवाय कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या, औषधी गुणांचा जेवढा गाजावाजा झाला तेवढा पुरावा उभा राहिलेला नाही; ते शरीरात नीट शोषलंही जात नाही, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत गुण नसताना गुण दाखवून चकवतं हे २०१७ साली एका मोठ्या समीक्षालेखात नीट मांडलं गेलंय. तिनं साधा प्रश्न घेतला: मार्केट यार्डातल्या हळकुंडाची पूड आणि सुटी मिळणारी पिवळीधमक हळद यांत फरक काय?

घटक सुटे करायची रीत अशी: सिलिकाचा थर दिलेली पट्टी, तळापासून सेंटिमीटरभर वर पेन्सिलीची रेघ, रेघेवर केशनळीनं अल्कोहोलमधल्या अर्काचे ठिपके. बीकरमध्ये क्लोरोफॉर्म आणि थोडं मेथॅनॉल, वर वॉच ग्लास. द्रावण चढत जातं तसा एका ठिपक्यातून तीन पिवळे ठिपके सुटे होतात: सगळ्यात वर कर्क्युमिन, खाली त्याची दोन भावंडं, ज्यांच्या रेणूंत मेथॉक्सी नावाचे अणुगट अनुक्रमे एक आणि दोन कमी. पहिल्यांदा बघणारी मुलं हमखास ‘सर, आम्हाला तर हळद एकच वाटत होती’ म्हणतात. सुट्या हळदीच्या एका नमुन्यात या तिघांच्या रांगेत न बसणारा चौथा ठिपका निघाला. मग हायड्रोक्लोरिक आम्लाची चाचणी. आम्लात हळद स्वतःही लालसर होते, त्यामुळे तेवढ्यावर निकाल द्यायचा नसतो. पाणी घालून विरळ करायचं. गुलाबी रंग गेला तर हळदीचा, टिकला तर मेटानिल यलो या भेसळीच्या कृत्रिम रंगाचा संशय. टिकला.

त्या कामाचं पोस्टर तिनं ‘आविष्कार’ या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेला नेलं. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘शुद्ध मेटानिल यलो शेजारी चालवून बघितलं का?’ तिनं चालवलं होतं, पट्टी जपून ठेवलेली होती, ती पिशवीतून काढून दाखवली. पुढच्या फेरीत तिचा नंबर लागला नाही. पण अनोळखी माणसानं कामातलं नेमकं दुखरं ठिकाण विचारावं आणि आपल्याकडे उत्तर असावं, याला मी साडेसहा हजारांच्या ट्रॉफीपेक्षा वरचं मानतो. एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या मुलाखतीत तिला नेमकं याच पट्टीबद्दल विचारलं गेलं.

तुमच्या मुलीनं या वर्षी काय करावं? ‘आविष्कार’ची जिल्हा फेरी, मग विद्यापीठ, मग राज्य, विद्यार्थ्यांनी आपलं काम मांडायची ही बरी जागा आहे, कॉलेजच्या समन्वयकांना आजच विचारा. तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात: दोन महिने एखाद्या राष्ट्रीय संस्थेत खऱ्या गाइडकडे काम, वर विद्यावेतन. त्याचे अर्ज हिवाळ्यातच भरायचे असतात. आणि पुढे आयआयटीत एम.एस्सी. करायची असेल तर जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते. ते साडेसहा हजार तिच्या पुस्तकांना आणि फॉर्मच्या फीला लावा.

मेलला उत्तर देऊ नका, ‘आम्हाला रस नाही’ असंही कळवू नका. पत्ता चालू आहे एवढं समजलं की मेल दुप्पट होतात. आधार किंवा बँकेचा तपशील पाठवला असेल तर बँकेला आजच सांगा. पेढे आणलेच आहेत तर ते पोस्टरसाठी खा. आणि पोस्टरचा विषय काय होता ते इथं खाली लिहा, म्हणजे फेलोशिपच्या अर्जात तो कसा मांडायचा ते सांगतो.