आवाज मेंदूपर्यंत पोहोचला, हे कसे मोजतात?

वाचकांच्या प्रश्नांना श्रवणतज्ज्ञाची उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. तिला जन्मापासून दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते, परंतु निदान ती दीड वर्षाची असताना झाले. गेले पाच महिने ती श्रवणयंत्रे वापरते आहे. बेरा चाचणी पूर्वीच झालेली असताना आता मेंदूच्या प्रतिसादाची आणखी एक चाचणी करून घेण्यास आम्हाला सांगितले आहे. तीच गोष्ट पुन्हा मोजण्याची गरज काय? – एक आई

उत्तर : या दोन चाचण्या एकच गोष्ट मोजत नाहीत, आणि आपल्या मुलीच्या आजच्या वयात दुसरी चाचणी अधिक मोलाची आहे, असे माझे मत आहे. कानात शिरलेल्या ध्वनीचे अंतःकर्णातील शंखाकृती कॉक्लिआत विद्युतसंदेशांत रूपांतर होते. हे संदेश श्रवणतंत्रिकेतून मस्तिष्कस्तंभात चढतात, तेथील अनेक टप्पे ओलांडून थॅलॅमस या मेंदूतील मधल्या ठाण्यात येतात आणि शेवटी, कानाच्या पातळीच्या जरा वर, मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरातील, श्रवणक्षेत्रात पोहोचतात. बेरा चाचणी या प्रवासाचा केवळ पहिला भाग पाहते. आवाज दिल्यानंतरच्या जेमतेम १० मिलिसेकंदांत श्रवणतंत्रिका आणि मस्तिष्कस्तंभ यांतून उठणाऱ्या लहरी ती टिपते, आणि त्यांवरून ऐकण्याची क्षमता किती कमी आहे याचा चांगला अंदाज येतो. मस्तिष्कस्तंभातील हा मार्ग मुलाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत बहुतांशी प्रौढांसारखा होतो. त्याच्या पुढचा, बाह्यकापर्यंतचा मार्ग मात्र किशोरवयापर्यंत घडत राहतो; आणि शब्द ओळखणे, बोलणे शिकणे हे सारे याच वरच्या मार्गावर अवलंबून असते.

हा वरचा मार्ग मोजण्यासाठी मुलाच्या डोक्याच्या त्वचेवर काही छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात आणि ‘बा’सारखे एखादे अक्षर काही शे वेळा ऐकवतात. एका वेळचा प्रतिसाद मेंदूच्या इतर हालचालीत पार बुडालेला असतो. परंतु साऱ्या नोंदींची सरासरी काढली की आवाजाशी संबंध नसलेले चढउतार एकमेकांना पुसून टाकतात आणि आवाजाने उठलेली लहर तेवढी वर येते. लहान मुलांत या लहरीचा पहिला ठळक उंचवटा ‘पी-वन’ या नावाने ओळखला जातो. आवाज दिल्यापासून हा उंचवटा दिसेपर्यंत किती मिलिसेकंद गेले, ही संख्या येथे महत्त्वाची. चांगले ऐकू येणाऱ्या नवजात बाळात ती सुमारे ३०० असते, दोन-तीन वर्षांच्या मुलात सुमारे १२५ पर्यंत उतरते आणि प्रौढांत ६० च्या आसपास येते. उतरणीचा सर्वांत मोठा भाग पहिल्या दोन-तीन वर्षांतच होतो, हे आकडे वाचताना आवर्जून लक्षात घ्यावे.

वेळ कमी होते ती तंत्रिकातंतूंवर मायलिनचे आवरण चढत गेल्याने आणि पेशींमधील जोडण्या अधिक नेमक्या होत गेल्याने. परंतु हे केवळ वय वाढल्याने घडत नाही. त्यासाठी आवाज लागतो. १९९० च्या दशकात कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने अंतःकर्णात बसवलेले, श्रवणतंत्रिकेला थेट विद्युतसंदेश देणारे यंत्र) बसवलेल्या मुलांचा अभ्यास करताना पाँटन आणि एगरमाँट या संशोधकांना असे आढळले की, शांततेत गेलेल्या वर्षांत या मार्गाची वाढ जवळजवळ थबकलेली असते आणि आवाज मिळू लागल्यावर ती थबकली होती तेथून पुढे सरकते. म्हणून मुलाच्या वयाबरोबरच त्याचे ‘ऐकण्याचे वय’ विचारण्याची पद्धत पडली. आपल्या मुलीचे वय सत्तावीस महिने असले, तरी नीट ऐकण्याचे तिचे वय आज पाच महिनेच आहे, आणि तिच्या पी-वनकडे प्रथम या दृष्टीने पाहावे लागेल.

आता उपयोगाविषयी. एकाच मोजणीवरून कोणताही निर्णय घेऊ नये. काही महिन्यांच्या अंतराने दोन मोजण्या करून पी-वनची वेळ तिच्या वयाच्या कक्षेकडे, म्हणजे त्या वयाच्या चांगले ऐकू येणाऱ्या मुलांच्या वेळेकडे, सरकते आहे का, हे पाहावे. सरकत असेल, तर श्रवणयंत्रांतून मेंदूला पुरेसे खाद्य मिळत आहे असे समजण्यास आधार मिळतो. ती जागच्या जागी राहिली, तर सर्वप्रथम यंत्रे दिवसाचे किती तास कानावर असतात, इअरमोल्ड (यंत्राचा कानात बसणारा साचा) घट्ट बसतो का, आवाजाची जुळणी बरोबर आहे का, हे तपासावे. बहुतेक यंत्रे वापराचे तास स्वतःच नोंदवून ठेवतात, ती नोंद ऑडिओलॉजिस्टकडे मागून घ्यावी. हे सारे ठीक असूनही लहर हलत नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार लांबवू नये. शेवटच्या उत्तरात येणारी साडेतीन वर्षांची मर्यादा पाहता तुमच्या हाती वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही.

प्रश्न : नातवाची अशी चाचणी ठरली आहे. इलेक्ट्रोडमधून विजेचा झटका बसतो का? त्याला झोपेचे औषध द्यावे लागेल का? – एक आजोबा

उत्तर : झटका बसत नाही. इलेक्ट्रोड मेंदूत काही सोडत नाहीत, मेंदूत आपोआप उठणारी अतिसूक्ष्म वीज तेवढी टिपतात. बेरासाठी मूल झोपलेले असावे लागते. पी-वनसाठी मात्र ते जागे असणे आवश्यक आहे, कारण झोपेत ही लहर बदलते. नातवाला कोणाच्या तरी मांडीवर बसवून आवाज बंद केलेली चित्रफीत दाखवतात. मूल चिडले, रडले, तर नोंद बिघडते, म्हणून त्याच्या जागेपणाची, प्रसन्न असण्याची वेळ निवडावी, हे मात्र केंद्राला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : आमच्या मुलाच्या बेरा चाचणीत एकही लहर आली नाही, तरी त्याचा अंतःकर्ण प्रतिसाद देतो असे दुसऱ्या चाचणीत दिसले. डॉक्टरांनी ‘ऑडिटरी न्यूरोपथी’ असे निदान केले आहे. तो कधी हाकेला वळतो, कधी वळत नाही. त्याला किती ऐकू येते, हे कोणीच नीट सांगत नाही. – एक वडील

उत्तर : तुमचे गोंधळून जाणे स्वाभाविक आहे, कारण या विकारात नेहमीच्या मोजपट्ट्याच अपुऱ्या पडतात. कॉक्लिआतील बाह्य केशपेशी (ध्वनीला प्रतिसाद देणाऱ्या सूक्ष्म पेशी) काम करत असतात, म्हणून दुसरी चाचणी चांगली येते. परंतु श्रवणतंत्रिकेतील संदेश एका लयीत, एका क्षणी निघत नाहीत. बेराच्या लहरी हजारो तंतूंनी एकाच क्षणी संदेश सोडल्यामुळेच दिसतात. ती एकवाक्यता मोडली की कागदावर काही उमटत नाही. मात्र कागद कोरा आहे म्हणजे मुलाला काहीच ऐकू येत नाही, असे मुळीच नाही. या निदानाच्या मुलांपैकी कोणी बरेच ऐकते, कोणी जवळजवळ काहीच ऐकत नाही. आणि बऱ्याच जणांना आवाज कळतो, पण शब्द कळत नाहीत.

अशा मुलांसाठी पी-वन विशेष उपयोगी ठरते. बाह्यकाची लहर संथ आणि रुंद असल्याने तिला तितकी काटेकोर एकवाक्यता लागत नाही, त्यामुळे बेरा कोरी असतानाही ती दिसू शकते. ती योग्य वेळेत येत असेल, तर विस्कळीत का होईना, संदेश वर पोहोचत आहे आणि मार्ग घडत आहे. अशा मुलांत बोलणे समजण्याची प्रगतीही सहसा चांगली दिसते. ती फार उशिरा येत असेल किंवा येतच नसेल, तर इम्प्लांटचा प्रश्न लवकर हाती घ्यावा. तोपर्यंत मूल घरी कोणत्या आवाजाला, किती अंतरावरून, शांततेत की गोंगाटात वळते, याची तारीखवार वही ठेवा. चाचणीच्या अहवालाशेजारी अशी वही ठेवून वाचली की पुष्कळ गोष्टी उलगडतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

प्रश्न : मी कर्णबधिर मुलांची शिक्षिका आहे. माझ्या वर्गातील एका मुलाला आठव्या वर्षी इम्प्लांट बसले. दोन वर्षे झाली तरी त्याची पी-वन खूप उशिरा येते, हे अहवालात वाचून पालक पार खचले आहेत. त्यांना मी काय सांगू? – एक शिक्षिका

उत्तर : आधी खरे ते सांगावे लागेल. संशोधक अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये, जन्मापासून बहिऱ्या असलेल्या आणि वेगवेगळ्या वयांत इम्प्लांट बसवलेल्या १०४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट मिळालेल्या मुलांची पी-वन वयाच्या कक्षेत आली, आणि अशा मुलांत हा बदल साधारण सहा ते आठ महिन्यांत घडतो, असे दिसले. सात वर्षांनंतर इम्प्लांट मिळालेल्या मुलांत मात्र कित्येक वर्षे आवाज मिळूनही ती उशिराच येत राहिली. मधल्या वयातील काही मुलांना कक्षा गाठता आली, काहींना नाही. जन्मतः बहिऱ्या मांजरांवरील संशोधक अंड्रेय क्राल यांच्या प्रयोगांनी यामागचे कारण पुढे आणले : आवाज फार काळ मिळाला नाही, तर बाह्यकाचा प्राथमिक श्रवणभाग आणि त्याच्याशी संबंधित वरचे भाग यांच्यातील देवाणघेवाण नीट जुळतच नाही. त्यातच दृष्टीसारख्या दुसऱ्या संवेदना त्या रिकाम्या भागाचा वापर करू लागतात. मुलाने कष्ट कमी केले, पालकांनी दुर्लक्ष केले किंवा आपण शिकवण्यात कमी पडलात, यांपैकी कशामुळेही ही लहर उशिरा आलेली नाही. पालकांच्या मनातील अपराधीपणा पाहता हे वाक्य त्यांना स्पष्ट शब्दांत, समोर बसवून सांगावे.

त्याचबरोबर ही लहर काय मोजत नाही, हेही त्यांना कळले पाहिजे. ती आवाजाच्या मार्गाची परिपक्वता मोजते. बुद्धी नाही, भाषा नाही. उशिरा इम्प्लांट मिळालेली मुलेही दाराची घंटा, वाहनाचा आवाज, आपल्या नावाची हाक ओळखू लागतात आणि ओठांच्या हालचालींची जोड मिळाली की बोलणे अधिक समजून घेतात. मात्र केवळ कानाने बोलणे समजण्याची अपेक्षा धरून या मुलाला बाकी सर्व वाटा बंद करणे मला अन्यायाचे वाटते. सांकेतिक भाषेतून त्याला पूर्ण भाषा मिळू शकते, आणि ती घेतल्याने इम्प्लांटचा उपयोग थांबत नाही. वर्गात त्याला आपला चेहरा उजेडात दिसेल अशी जागा द्या, नवा शब्द ऐकवण्याबरोबर लिहून आणि खुणेनेही दाखवा. पुढील अहवाल वाचताना पालकांना त्याची तुलना वर्गातील दुसऱ्या कोणाशी करू देऊ नका. त्याच मुलाचा मागील वर्षीचा अहवाल शेजारी ठेवा.