स्टेजवर फिरणारी सुपरकार रस्त्यावर का येत नाही?

तुम्ही विचारलंय की छोट्या छोट्या कंपन्या सारख्या काहीतरी भन्नाट सुपरकार दाखवत असतात, दीड-दोन हजार हॉर्सपॉवरचे आकडे सांगतात, बुकिंगचे पैसे पण घेतात आणि मग वर्षं जातात तरी गाडी काही येत नाही, तर हे लोक सरळ सरळ फसवतात का? काही जण फसवतातच, ते सोडून द्या. बाकीच्यांचं घोडं अडतं ते भलत्याच ठिकाणी, आणि त्यातलं थोडंफार मला माहितीये कारण माझं काम गाड्यांच्या टेस्टिंग आणि अप्रूव्हलच्या बाजूचं आहे (सुपरकारच्या नाही हो, साध्या गाड्यांच्या, पण डोकेदुखी बरीचशी तीच).

बघा, हजार हॉर्सपॉवर काढणं आता तेवढं अवघड राहिलेलं नाही. चांगला ट्यूनर (इंजिनची ताकद वाढवून देणारा) गाठला, पैसे दिले की काढून देतो. खरं अवघड काय तर तेच इंजिन कडाक्याच्या थंडीत एका बटणात चालू व्हायला पाहिजे, ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभं राहिलं तरी तापायला नको, धुराच्या टेस्टमध्ये पास व्हायला पाहिजे आणि हे सगळं वर्षानुवर्षं टिकलं पाहिजे. वर एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक न होऊ देणारं), ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारं), एअरबॅग या सगळ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे बारीक जुळणी, त्या त्या गाडीसाठी वेगळं करावं लागतं, कधी बर्फावर कधी वाळवंटात महिनोन् महिने गाडी पळवून. ह्याचे फोटो कोणी वॉलपेपरला लावत नाही, पण वेळ आणि पैसा जातो तो इथेच.

मोठ्या कंपन्यांचे काय हाल होतात ते बघा म्हणजे छोट्यांची कीव येईल. मर्सिडीज-एएमजीने 2017 मध्ये फॉर्म्युला वनचं 1.6 लिटरचं इंजिन घातलेली गाडी दाखवली, वन नावाची, फक्त 275 बनवायच्या होत्या. रेसमधलं ते इंजिन नुसतं उभं असताना पाच हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास फिरतं, ते 1,200 वर आणायचं, वरून धुराचे युरोपियन नियम पाळायचे, यात त्यांच्या नाकी नऊ आले आणि प्रॉडक्शन सुरू व्हायला 2022 उजाडलं. मर्सिडीज! ज्यांच्याकडे फॉर्म्युला वनची स्वतःची इंजिन फॅक्टरी आहे. बुगाटी वेरॉनचं पण तेच, मागे अख्खी फोक्सवॅगन उभी होती तरी 2003 ला येणारी गाडी 2005 ला आली.

जॅग्वार एक्सजे220 ची गोष्ट तर मला फार आवडते. 1988 मध्ये व्ही12 इंजिन आणि फोर व्हील ड्राइव्ह असलेली कन्सेप्ट, म्हणजे नुसती दाखवायची गाडी, दाखवली, लोकांनी 50,000 पाउंड इसार देऊन बुकिंग केलं, आणि 1992 ला गाडी आली ती दोन टर्बोवाल्या व्ही6 ची आणि फक्त मागची चाकं ओढणारी. व्ही12 जड होतं, धुराच्या नियमात बसवणं कठीण होतं, त्यामुळे इंजिनिअरिंगच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता, गाडी पळाली पण जबरदस्त. पण मधल्या काळात मंदी आली होती, किंमत वाढली होती, आणि ज्यांनी फक्त नफ्यावर पुढे विकायला म्हणून बुक केली होती त्यांना व्ही6 हे आयतंच कारण मिळालं, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी पावणेतीनशेच्या आसपास गाड्या बनल्या आणि त्या पण बराच काळ विकत बसाव्या लागल्या. जॅग्वारला हे झेपलं. वीस-तीस माणसांच्या कंपनीचा एवढ्यात निकाल लागला असता.

आता पैशाचं. सगळ्यात मोठी गडबड इथेच आहे असं माझं मत. गाडीची किंमत ऐकून आपल्याला वाटतं बाप रे एवढी महाग, म्हणजे नफा किती असेल. पण साधी गाडी लाखांनी बनते तेव्हा साच्यांचा, क्रॅश टेस्टचा, सॉफ्टवेअरचा खर्च लाखो गाड्यांत वाटला जातो, इथे तोच खर्च पन्नास नाहीतर शंभर गाड्यांत वाटायचा. युरोपात कमी संख्येने गाड्या बनवणाऱ्यांना काही नियमांत सवलत मिळते ती याचसाठी, आणि अमेरिकेत 1999 पासून 'शो ऑर डिस्प्ले' म्हणून सोय आहे, म्हणजे विशेष गाडी असेल तर क्रॅशचे नियम न पाळता आणता येते पण वर्षाला 2,500 मैलांच्या वर चालवायची नाही. म्हणजे एवढे पैसे मोजून घ्यायची आणि चालवायची मोजून मापून. इटलीच्या पगानी या छोट्या कंपनीला सुद्धा हुआयरा गाडीच्या वेळी अमेरिकेच्या एअरबॅगच्या नियमातून सूट मिळाली नव्हती आणि गाडी तिकडे उशिरा पोचली.

मग हा खर्च करायचा कशातून? तर बुकिंगच्या पैशातून. इसार घेऊन प्रोटोटाइप, म्हणजे नमुन्याची गाडी, बनवायचा, प्रोटोटाइप दाखवून आणखी इसार घ्यायचा, त्यातून टेस्टिंग करायचं. एखादा बिल्डर वरच्या मजल्यांचे फ्लॅट विकून पाया खणतो ना, तसं. बाजार चढता असेपर्यंत चालतं. एकदा का मंदी आली किंवा एक टेस्ट फेल जाऊन सहा महिने गेले की लोक पैसे परत मागायला लागतात, आणि ते पैसे तर केव्हाच खर्च झालेले असतात, मग नवीन गुंतवणूकदार शोधा, तो म्हणतो आधी गाडी दाखवा, आणि गाडीसाठीच तर पैसे हवे असतात.

टीव्हीआर बघा. जुनं ब्रिटिश नाव, 2013 मध्ये नवीन मालक आले, 2017 मध्ये नवीन ग्रिफिथ दाखवली, नावाजलेला डिझायनर गॉर्डन मरे याच्या पद्धतीची चॅसी (गाडीचा सांगाडा) आणि कॉसवर्थ या इंजिनवाल्या कंपनीने तयार केलेलं फोर्डचं व्ही8, म्हणजे कागदावर सगळं शहाण्यासारखं. वेल्समध्ये एब वेलला फॅक्टरी ठरली, वेल्श सरकारने पैसे घातले, तरी त्यापुढच्या पाच वर्षांत एकाही ग्राहकाला गाडी मिळाली नाही. नाव आणि डिझाइन दोन्ही असूनही.

उलट टोकाला बुगाटी ईबी110, फोक्सवॅगनच्या आधीच्या काळातली. तेव्हाचा मालक रोमानो आर्टिओली याने मोडेनाजवळ कांपोगालियानोला इतकी देखणी फॅक्टरी बांधली की आजही लोक बघायला जातात. 3.5 लिटरचं व्ही12, चार टर्बो, कार्बन फायबरची चॅसी एरोस्पेसवाल्यांकडून बनवून घेतलेली, 1991 मध्ये पॅरिसला थाटात लाँच. गाडी खरोखर आली, चालली, आणि 1995 मध्ये कंपनी बुडाली, जेमतेम एकशे चाळीसच्या घरात गाड्या बनवून. मधल्या काळात 1993 ला आर्टिओलीने लोटस पण विकत घेतली होती, म्हणजे आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. स्पायकरचं पण असंच, हाताने गाड्या बनवणारी डच कंपनी, आधी फॉर्म्युला वन टीम घेतली (तीच टीम पुढे विजय मल्ल्याकडे जाऊन फोर्स इंडिया झाली), मग 2010 मध्ये साब ही अख्खी स्वीडिश कार कंपनी घेतली. 2011 संपता संपता साब दिवाळखोरीत, 2014 ला स्पायकर स्वतः. स्वतःची गाडी नीट विकायच्या आधी लोकांना साम्राज्य का हवं असतं हे मला कधी कळलं नाही.

जे टिकले त्यांनी काय वेगळं केलं ते बघण्यासारखं आहे. होरासिओ पगानी लॅम्बोर्गिनीत कामाला होता, कार्बन फायबर भाजायची ऑटोक्लेव्ह भट्टी घ्या म्हणून मागे लागला, ते नाही म्हणाले तर कर्ज काढून स्वतः घेतली. नंतर वेगळा झाला पण लगेच गाडी नाही काढली, आधी दुसऱ्यांना कार्बनचे पार्ट आणि डिझाइनची कामं करून दिली, पोट त्यावर भरलं. झोंडा आली 1999 मध्ये आणि इंजिन कोणाचं? मर्सिडीजचं व्ही12, ते मिळवून द्यायला रेसर फांजिओने शब्द टाकला होता. आज इतक्या वर्षांनी युटोपिया या त्याच्या नव्या गाडीमध्ये पण इंजिन एएमजीचंच आहे. ज्यात आपण उस्ताद आहोत तेवढंच आपण करायचं, इंजिन ज्याला जमतं त्याच्याकडून घ्यायचं, आणि घेणाऱ्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

स्वीडनच्या क्रिश्चियन फॉन कोनिगसेगने 1994 मध्ये बाविसाव्या वर्षी सुरुवात केली, पहिली गाडी ग्राहकाला मिळाली 2002 मध्ये. आठ वर्षं. ती पण फोर्डच्या व्ही8 वर आधारलेल्या इंजिनाची, आणि ते मॉडेल सहाच बनले. 2003 मध्ये फॅक्टरीला आग लागली तेव्हा एंगलहोमच्या जुन्या लष्करी विमानतळावर बस्तान हलवलं. आज तो स्वतःचं इंजिन, स्वतःचा गिअरबॉक्स सगळं करतो म्हणून नवीन पोरं त्याची नक्कल करायला जातात, पण सुरुवातच तिथून करायची म्हणतात, हे चुकतं.

क्रोएशियाच्या माते रिमाकचं डोकं तर धंद्याच्या बाबतीत सगळ्यात तेज वाटतं मला. 1984 च्या जुन्या बीएमडब्ल्यूला इलेक्ट्रिक करण्यापासून सुरुवात, पहिली गाडी कन्सेप्ट वन, तिच्या फक्त आठ बनल्या, त्यावर कंपनी चालणं शक्यच नव्हतं. पण ती गाडी दाखवून त्याने बॅटरी आणि मोटरची कामं मिळवली, कोनिगसेग रेगेराची बॅटरी त्याची, अॅस्टन मार्टिन वाल्किरीची पण. 2018 मध्ये पोर्शने भागीदारी घेतली, मग त्याच्या पुढच्या गाडीचे, नेव्हेराचे, प्रोटोटाइप एकामागून एक भिंतीवर आपटायला पैसे आले, आणि 2021 मध्ये बुगाटीच त्याच्या हाताखाली आली.

बाकी छोट्या गोष्टी पण शिकण्यासारख्या आहेत. नवीन हेडलाइट स्वतः डिझाइन करून पास करून घेणं किती महाग पडतं माहितीये? म्हणून एक्सजे220 चे मागचे दिवे रोव्हर 200 चे होते, शेवटच्या शेवटच्या लॅम्बोर्गिनी डियाब्लोचे हेडलाइट निसान 300झेडएक्सचे, आणि खुद्द मॅक्लारेन एफ1 चे मागचे दिवे एका टुरिस्ट बसचे. कोणाला कळलं सुद्धा नाही. अमेरिकेतल्या व्हेक्टर डब्ल्यू8 ने तर फायटर विमानासारखा डॅशबोर्ड दिला आणि गिअरबॉक्स घेतला ओल्ड्समोबिलचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक. तरी ग्राहकांसाठी सतराच बनल्या, म्हणजे पार्ट उचलले की सगळं सुटतं असंही नाही.

त्यामुळे नवीन गाडीची घोषणा आली की मी हॉर्सपॉवर बघत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स कोणाचा, एबीएस कोण करतंय, क्रॅश टेस्टमध्ये चेपलेल्या प्रोटोटाइपचे फोटो आहेत का, आणि कंपनी गाडीशिवाय आणखी काही विकते का, हे बघतो. अमेरिकेतल्या एसएससी कंपनीच्या तुआताराचं उदाहरण घ्या, 2011 ला दाखवली, ग्राहकाला पहिली गाडी मिळायला 2020 आलं, आणि त्याच वर्षी ताशी 500 किलोमीटरच्या वरचा विक्रम जाहीर केला तो व्हिडिओ बघून लोकांनीच हिशोब मांडून खोडून काढला. पुढच्या जानेवारीत परत पळवली तेव्हा जाता-येता दोन्ही दिशांच्या वेगाची सरासरी ताशी 455 किलोमीटरच्या आसपास भरली. 455 पण अफाटच आहे ना! नऊ वर्षं घासून गाडी खरंच बनवली होती त्यांनी, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो व्हिडिओ. तुम्हाला स्वतःला बुकिंग करायचं असेल (असेल तर नशीबवान आहात) तर इसार वेगळ्या खात्यात ठेवणार का आणि गाडी ठरल्या तारखेला नाही आली तर परत कधी देणार, हे आधी लेखी मागा. त्याला ते काय उत्तर देतात त्यावरून गाडी कुठवर आलीये याचा बराच अंदाज येतो.