पॅन्टोप्रॅझोल अनशापोटीच का घ्यायची? रात्री जेवल्यावर घेतली तर काय बिघडतं?

प्रश्न थोडक्यात असा: "वर्षभर ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्रॅझोल ४० चालू आहे. डॉक्टर सकाळी अनशापोटी घ्या म्हणतात, मला रात्री जेवल्यावर घेणं सोयीचं पडतं. गोळी शेवटी पोटातच जाणार ना?"

या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसले. शरीरक्रियाशास्त्र शिकवताना हे वाक्य मला सारखं खोडून काढावं लागतं. ही गोळी पोटात पडून काहीही करत नाही. तिच्यावर आम्लात न विरघळणारं आवरण असतं. ते शाबूत ठेवून ती जठर ओलांडते, लहान आतड्यात विरघळते, रक्तात शिरते आणि रक्ताबरोबर फिरून जठराच्या भिंतीपर्यंत मागच्या बाजूने पोचते. म्हणून ती चावायची नाही, तोडायची नाही. आजीला गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून दिलेली गोळी आम्लात नासते आणि मग घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही.

आता भिंतीत काय चालतं ते बघा, कारण वेळेचं सगळं उत्तर तिथे आहे. आम्ल तयार करणाऱ्या पराएटल पेशींमध्ये प्रोटॉन पंप असतात. पंप हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतो आणि बदल्यात पोटॅशियम आत घेतो. क्लोराइड दुसऱ्या वाटेने बाहेर येतं आणि दोन्ही मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. पेशीतून निघताना त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) १ च्या आसपास असतो. रक्ताचा असतो ७.४, म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहा लाख पटींहून जास्त. एवढं ढकलायला प्रचंड ऊर्जा लागते, म्हणून पेशी पंप उगाच चालू ठेवत नाही. काम नसताना बहुतेक पंप पेशीच्या आत बारीक पिशव्यांमध्ये बंद पडून असतात. हुकूम आला की पिशव्या पेशीच्या आतल्या नलिकांच्या पडद्याला जाऊन मिळतात आणि पंप सुरू होतात.

हुकूम तीन ठिकाणांहून येतो: व्हेगस मज्जातंतूतून ॲसिटिलकोलीन, जठराच्या खालच्या भागातल्या जी पेशींकडून गॅस्ट्रिन आणि शेजारच्या पेशींकडून हिस्टामिन. गॅस्ट्रिनचं बरंचसं काम हिस्टामिनमार्फतच होतं. फॅमोटिडीन हे ॲसिडिटीचं दुसरं औषध फक्त हिस्टामिनचं दार अडवतं, म्हणून त्याचा जोर कमी.

एक साधं जेवण घ्या. वरणाला फोडणी बसली, वास आला, इथेच व्हेगसने काम सुरू केलं. जेवणाला मिळणाऱ्या एकूण आम्लापैकी जवळजवळ ३० टक्के घास पोटात पडण्याआधीच्या या टप्प्यातलं असतं. पाव्हलोव्हने कुत्र्यांवर हेच दाखवलं होतं: गिळलेलं अन्न मानेतल्या छिद्रातून बाहेर पडत होतं, जठरात कणही जात नव्हता, तरी जठररस पाझरत होता. १९०४ चं नोबेल त्याला पचनावरच्या कामासाठीच मिळालं. पुढे वरणभात पोटात उतरला की जठर ताणलं जातं, डाळीतल्या प्रथिनांचे तुकडे गॅस्ट्रिन वाढवतात आणि पंप जोरात चालतात. गंमत अशी की याच वेळी पोटातला पीएच वाढतो. उपाशी असताना तो १ ते २ असतो, जेवल्यावर ४ च्या वर जातो, कारण प्रथिनं आम्ल शोषून धरतात. जठर रिकामं होत आलं, पीएच ३ च्या खाली उतरला, की जठरातल्या डी पेशी सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक सोडतात आणि गॅस्ट्रिन थांबतं. हा ब्रेक. दुसरा ब्रेक आतड्याचा: तिथे आम्ल पोचलं की सिक्रेटिन हे संप्रेरक सुटतं, त्यामुळे स्वादुपिंड आम्ल मारणारं बायकार्बोनेट ओततं आणि सिक्रेटिन जठरालाही आवर घालतं. दिवसाकाठी असा साधारण २ लिटर जठररस तयार होतो.

आता गोळी. रक्तात असताना ती निष्क्रिय असते. आम्ल भरलेल्या त्या नलिकांमध्ये शिरली की अडकते, आम्लामुळेच तिचं रूप बदलतं आणि ती पंपाला कायमची चिकटते. म्हणजे चालू पंपच बंद होतो. पिशवीत झोपलेल्या पंपाला ती हातही लावत नाही. त्यात ती रक्तात फार टिकत नाही, तासा-दीड तासात निम्मी होते. पंप चालू असण्याची वेळ आणि औषध रक्तात असण्याची वेळ जुळायलाच हवी. रात्रभराच्या उपासानंतर तयार पंपांची संख्या सर्वांत जास्त असते आणि नाश्ता त्यांना चालू करतो. म्हणून नाश्त्याआधी ३० ते ६० मिनिटं.

रात्री भरल्या पोटी घेतली तर आवरणाची गोळी अन्नाबरोबर पुढे सरकत नाही, जठर रिकामं होईपर्यंत आतच थांबते. ती रक्तात पोचते तोवर जेवणाचा जोर ओसरलेला असतो आणि पंप पिशव्यांत परतायला लागलेले असतात.

पण माझा खरा राग "अनशापोटी" या शब्दावर आहे. चिठ्ठीवर तेवढंच लिहितात आणि माणसं सहाला गोळी घेतात, वर चहा घेतात आणि पहिला घास अकरा वाजता खातात. नियम तंतोतंत पाळला, गोळी मात्र बरीचशी वाया गेली. चिठ्ठीवर "खाण्याआधी अर्धा तास आणि मग नक्की खा" असं लिहायला किती शाई लागते? नुसता चहा म्हणजे खाणं नव्हे. पोहे, अंडं, थालीपीठ-दही, काहीतरी पोटात पडायला हवं. रात्रपाळीवाल्यांनी घड्याळ न बघता झोपून उठल्यानंतरच्या पहिल्या खाण्याच्या आधी घ्यावी.

आणि जळजळ झाली की एक गोळी, हेही बंद करा. एका मात्रेत सगळे पंप सापडत नाहीत, शिवाय रोज नवे बनतात. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. आत्ता जळजळतंय तर अँटासिडचं पातळ औषध घ्या, ते मिनिटांत आम्ल मारतं. थंड दूध थोडा वेळ बरं वाटवतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल वाढवतात.

"माझ्या पोटात ॲसिड जास्तच बनतं" हेही बहुतेकांच्या बाबतीत खरं नसतं. घशाशी येणाऱ्यांचं आम्ल सहसा सर्वसाधारणच असतं, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप ढिली असते. आम्ल चुकीच्या जागी जातंय. रात्री जेवल्याबरोबर आडवं होणं आणि पोटाचा घेर, दोन्ही त्याला मदत करतात. आणि आपण ज्याला "पित्त झालं" म्हणतो त्यातलं बरंचसं पित्त नसतंच. पित्त यकृतात बनतं, पिवळं-हिरवं, कडू आणि किंचित अल्कधर्मी असतं. आंबट पाणी येतं ते जठराचं.

वर्षभर चालू आहे म्हणता, म्हणून हे ऐका. आम्ल सतत कमी राहिलं की डी पेशींचा ब्रेक सुटतो, गॅस्ट्रिन वाढत राहतं, हिस्टामिनच्या पेशी वाढतात. मग गोळी एकदम सोडली की आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त उसळतं. २००९ साली डेन्मार्कमधल्या अभ्यासात निरोगी माणसांना आठ आठवडे याच जातीचं औषध देऊन थांबवलं, तेव्हा ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. ज्यांना ते औषध दिलंच नव्हतं त्यांच्यात १५ टक्के. यांना आधी काही त्रास नव्हता! त्यामुळे गोळी सोडली की जळजळतं म्हणजे आजार आहेच, असं समजू नका. डॉक्टरांना विचारून ४० वरून २० वर, मग एक दिवसाआड, असं मी उतरवायला सांगेन. २० ची वेगळी गोळी मिळते, ४० ची तोडू नका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. रोज वेदनाशामक किंवा ॲस्पिरिन घेणारे, अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेले, यांनी गोळी आपल्या मनाने थांबवू नये. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या, दोन्ही औषधं ते कमी करतात. व्होनोप्राझान हे नवं औषध वेगळ्या तऱ्हेने काम करतं, त्याला जेवणाआधीची अट नाही. काळी शौच, गिळताना अडकणं किंवा कारण नसताना वजन उतरणं असेल तर गोळीचा विचार सोडा आणि दुर्बिणीची तपासणी करा. चालताना छाती भरून येते, घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो आणि घरचे "गॅस असेल" म्हणतात, तर गोळी शोधत बसू नका, ताबडतोब ईसीजी काढायला जा.